डब्यातले रुपये: मोड, बट्टा आणि नाण्याची किंमत

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लेखी मसुदा आहे. बोलण्याच्या ओघातली भाषा तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग एका श्रोत्याच्या पत्रामुळे सुचला. ते परभणी जिल्ह्यातले आहेत. वडील गेल्या वर्षी गेले. घर आवरताना माळ्यावर पितळेचा एक डबा सापडला. आजोबांचं किराणा दुकान होतं, त्या काळातला. त्यात ४१ चांदीचे रुपये, मूठभर तांब्याची नाणी, चारमिनार छापाचे काही सिक्के आणि एका वहीत दडपून ठेवलेल्या जुन्या नोटा. ते लिहितात, "आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय. आईच म्हणते विकून टाका. बहीण म्हणते आजोबांची आठवण आहे, विकू नका. सराफाने वजनावर भाव सांगितला. ऑनलाइन बघितलं तर तसंच नाणं कोणी पाच लाखाला विकतंय. खरं काय समजायचं?"

पत्र वाचून मला थोडं अपराधी वाटलं, कारण आमच्या घरी हेच झालं होतं. आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेतले २३ रुपये निघाले. आम्ही उत्साहाने ते चिंच लावून घासून लख्ख केले, सराफाकडे नेले, त्याने तराजूत टाकले, घट धरली आणि पैसे दिले. वर्षभराने आजोबांची एक वही सापडली. त्यात त्यांनी रुपयांची सालवार यादी केली होती. त्यात एक ओळ होती: '१९३९, नग १'. ही ओळ का टोचली, ते पुढे सांगतो. सराफाने फसवलं असं मी म्हणणार नाही. आम्ही त्याला चांदीचा भाव विचारला आणि त्याने चांदीचाच भाव सांगितला. प्रश्नच आम्ही चुकीचा विचारला होता.

तर आज हा डबा आपण थराथराने उघडू. त्यातला इतिहास कळला की किंमत आपोआप कळायला लागते.

बट्टा नावाची गोष्ट

आधी एक गैरसमज काढून टाकू. 'पूर्वी नाण्याची किंमत ठरलेली असायची, आता गोंधळ झालाय' असं नाही. उलट पूर्वी गोंधळ जास्त होता. पेशवाईत पुण्याच्या बाजारात एकाच वेळी कितीतरी प्रकारचे रुपये चालायचे. अंकुशाची खूण असलेला अंकुशी रुपया, चांदवडचा चांदवडी, शिवाय सुरती, शिक्का वगैरे. गंमत म्हणजे मराठ्यांच्या टांकसाळीतून निघालेल्या यातल्या बऱ्याच रुपयांवर नाव मुघल बादशहाचं असायचं, कारण लोकांचा विश्वास त्या छापावर बसलेला होता.

आता हे सगळे रुपये सारखे नव्हते. कशात चांदी जास्त, कशात कमी, कुणी झिजलेला, कुणी दूर गावचा. मग एक रुपया दुसऱ्यात बदलताना जी कपात व्हायची तिला म्हणायचे बट्टा. 'नावाला बट्टा लागला' हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो. नाणं पारखणारा तो पोतदार. नाण्यांचा व्यवहार करणारा तो नाणावटी. आडनावं उरली, काम गेलं. पण 'वाजवून घेणं' आणि 'खणखणीत' हे शब्द त्यांच्याच पेढीवरून आलेत.

सांगायचा मुद्दा असा की नाण्याला पहिल्यापासून दोन किमती होत्या. एक छापाची, एक धातूची. तिसरी, म्हणजे संग्राहक देतो ती, फार उशिरा आली. आपल्या श्रोत्याचा सराफ दुसरी किंमत सांगतोय आणि ऑनलाइनवाला तिसरीचं सोंग आणतोय.

राणीछाप आणि राजाछाप

१८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखासाठी एकसारखा रुपया काढला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आपल्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. गणित केलं तर एका रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी येते. हा आकडा लिहून ठेवा, सराफाकडे जाताना हाच लागतो. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या ब्रिटिश रुपयांना तो लागू पडतो.

पहिल्या रुपयांवर चौथा विल्यम. १८४० पासून व्हिक्टोरिया. १८६२ पासून कंपनीचं नाव गेलं आणि १८७७ पासून 'क्वीन'ची 'एम्प्रेस' झाली. इथे एक खोच आहे. '१८६२' हे साल घातलेले रुपये पुढची दहा-बारा वर्षं तेच साल ठेवून पाडले जात होते. त्यामुळे १८६२ चा रुपया जुना असला तरी सहसा दुर्मिळ नसतो. लोक मात्र तोच आधी दाखवतात, "बघा, दीडशे वर्षांपूर्वीचा!"

नाण्याची किंमत वयावर ठरत नाही. ती ठरते आज किती नग शिल्लक आहेत, ते कोणत्या अवस्थेत आहेत आणि ते हवे असणारे लोक किती आहेत यावर. दोन हजार वर्षांपूर्वीचं एखादं झिजलेलं तांब्याचं नाणं आजही किरकोळ भावात मिळतं आणि ८० वर्षांपूर्वीचा एखादा रुपया हजारो रुपयांना जातो.

राजांकडे येऊ. १९११ साली पंचम जॉर्जचा पहिला रुपया आला. राजाच्या अंगरख्यावर हत्तीची आकृती होती, पण सोंड आणि पाय इतके आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला. कुरबूर झाली. सरकारने नाणी मागे घेतली, बरीचशी वितळवली आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला. म्हणून १९११ चा रुपया त्याच्या पुढच्या-मागच्या भावंडांपेक्षा महाग. भिंग घेऊन हत्ती बघा, मजा येते.

मग पहिलं महायुद्ध. १८९३ पर्यंत कोणीही टांकसाळीत चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होता. ती मुभा सरकारने बंद केली, कारण चांदी स्वस्त होत चालली होती. पुढची वीसेक वर्षं रुपयातल्या चांदीपेक्षा रुपयाचा छाप महाग होता. युद्धात उलटं झालं. चांदी भडकली, रुपया वितळवणं फायद्याचं ठरायला लागलं आणि लोकांनी रुपये दाबून ठेवले. सरकारची इतकी ओढाताण झाली की अमेरिकेने १९१८ मध्ये कायदा करून आपले २५ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटिशांना विकली. त्यामुळे तुमच्या डब्यातल्या १९१८ ते १९२० च्या रुपयात अमेरिकन डॉलर मिसळलेला असणं अगदी शक्य आहे. हे रुपये अमाप पाडले गेले, म्हणून संग्राहकांच्या बाजारात ते साधे समजले जातात. त्यांची किंमत मुख्यतः चांदीची.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. म्हणजे १९४० ते १९४५ च्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात शुद्ध चांदी फक्त ५.८३ ग्रॅम. दिसायला सारखाच, पण निम्म्या किमतीचा! कडा बघून ओळखता येतो. जुन्याची कड साधी करकरीत, नव्याच्या कडेच्या मधोमध सुरक्षेची खाच. सराफाने सगळे ४१ रुपये एका ढिगात तोलले तर एकतर तुमचं नुकसान, नाहीतर त्याचं. आणि तो आपलं होऊ देणार नाही.

या दोन प्रकारांच्या सीमेवर आहे १९३९. पूर्ण चांदीचा तो शेवटचा ब्रिटिश रुपया, आणि फार थोडे शिल्लक राहिले. आजोबांच्या वहीतला 'नग १' तो हाच. आम्ही तो चिंचेने घासला आणि वजनावर विकला. अर्थात तो खरा होता की नाही, हेही आता कळणार नाही, कारण १९३९ च्या बनावट प्रती भरपूर फिरतात.

अजून एक. १९४१ ते १९४३ या काळात सरकारने जुने पूर्ण चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढले. बँकेत आणा, बदलून घ्या. तरीही ते आपल्या ट्रंकांत आहेत. याचा अर्थ आपल्या आजोबा-आजींनी ते दिले नाहीत. त्यांना कागदापेक्षा तोळाभर चांदीचा भरवसा वाटला. आज आपण ज्याला 'संग्रह' म्हणतो, तो बहुतेक घरांत त्या एका निर्णयातून तयार झालाय.

मराठवाड्याचा डबा वेगळा असतो

आपले श्रोते परभणीचे, म्हणजे त्यांचे आजोबा निजामाच्या राज्यात दुकान चालवत होते. तिथे दोन रुपये चालायचे. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. दुकानदाराला रोज हा हिशेब डोक्यात ठेवावा लागे. चारमिनार छापाचे सिक्के ते हेच. हालीमध्ये चांदी शंभरात सुमारे ८२ भाग आणि वजनही थोडं कमी, त्यामुळे कलदारचा हिशेब त्याला लावू नका.

या सिक्क्यांवरचं साल हिजरी असतं. उर्दू अंकांत १३३७ लिहिलंय म्हणून सातशे वर्षांपूर्वीचं नाणं समजू नका. ते १९१८-१९ साल आहे. असंच बडोद्याचं. सयाजीराव गायकवाडांच्या नाण्यांवर विक्रम संवत असतो. तिथे १९४९ लिहिलं असेल तर ते इसवी सन १८९२-९३. अशा चुकांमुळे लोक एकतर हुरळून जातात, नाहीतर चांगलं नाणं नकली समजून टाकून देतात.

निजामाच्या नोटाही १९१८ नंतर आल्या आणि त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कानडीतही रक्कम छापलेली असे. त्या चांगल्या अवस्थेत असतील तर त्यांना खरंच मागणी आहे.

तांबं आणि कागद

तांब्याच्या ढिगात 'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्रपती' अशी अक्षरं दिसली तर हात जोडा, पण घाई करू नका. ती शिवराई. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झालेला हा पैसा पुढे छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही पाडला गेला, आणि पेशवाई बुडाल्यावरही कित्येक वर्षं बाजारात चालत राहिला. दुदांडी शिवराई ही त्यातली उत्तरकाळातली. म्हणजे शिवराई म्हटलं की थेट महाराजांच्या हातची असं नसतं. अक्षरांचं वळण, बिंदूंची मांडणी यावरून जाणकार काळ ठरवतात. सोन्याचा शिवराई होन मात्र अत्यंत दुर्मिळ, आणि 'आमच्याकडे होन आहे' म्हणणाऱ्या बहुतेकांकडे नंतरची नक्कल असते.

१९४३ पासूनचा भोकाचा पैसा घराघरांत सापडतो. युद्धात तांबं वाचवायला भोक पाडलं. गोष्ट छान, किंमत थोडी.

नोटांमध्ये पहिली लक्ष देण्यासारखी म्हणजे १९१७ ची एक रुपयाची नोट. चांदीच्या त्याच टंचाईतून ती जन्मली, आणि तिच्यावर चांदीच्या रुपयाचं चित्रच छापलं होतं. पुढच्या वर्षी अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची नोट आली. दोन्ही १९२६ मध्ये बंद झाल्या. १९२८ पासून नाशिकला नोटा छापायला सुरुवात झाली. रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये आली आणि तिची पहिली नोट, पाच रुपयांची, १९३८ मध्ये. फाळणीनंतर काही काळ पाकिस्तानसाठीच्या नोटाही नाशिकलाच छापल्या गेल्या, आपल्याच नोटांवर 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' असा शिक्का छापून. १९५९ मध्ये हज यात्रेकरूंसाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. यातलं काही निघालं तर घडी मोडू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. कागदाच्या बाबतीत अवस्था हीच जवळपास सगळी किंमत असते.

आणि ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट? मंडळी, ती पाच रुपयांचीच आहे. ७८६ क्रमांकाला हौशी लोक थोडं जास्त देतात, पण लाख-दोन लाख नाही.

फसवणूक कशी होते

ठरलेली पद्धत असते. तुम्ही नाण्याचा फोटो टाकता. फोन येतो, "पाच लाख देतो." मग 'नोंदणी फी', मग 'जीएसटी', मग रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्र. तुमच्याकडूनच पैसे जात राहतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की बँक असा कोणताही व्यवहार करत नाही आणि कुणालाही तसे पैसे घ्यायचा अधिकार दिलेला नाही. सोपा नियम: विकणाऱ्याकडे आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक नसतो.

दुसरा प्रकार राम दरबार किंवा हनुमान असलेल्या '१८१८ ईस्ट इंडिया कंपनी' नाण्यांचा. कंपनीने अशी नाणी कधीच काढली नाहीत. तांदूळ ओढणाऱ्या 'राइस पुलर' नाण्यांच्या नादात तर गावोगावी लोकांनी जमिनी घालवल्यात.

कायद्याचंही थोडं. शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, ती परदेशात पाठवता येत नाहीत. अमेरिकेतल्या भाच्याला पोस्टाने 'राणीछाप' धाडू नका. शेतात किंवा पाया खणताना काही सापडलं तर ते वारशाचं नाही, १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा आठवण म्हणून दहापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. अभ्यास किंवा संग्रहासाठी मर्यादा २५ ची.

मग करायचं काय?

पत्र लिहिणाऱ्या दादांना मी फोनवर जे सांगितलं तेच इथे सांगतो.

पहिलं, काहीही घासायचं नाही. चिंच नाही, राख नाही, टूथपेस्ट नाही. नाण्यावरचा काळसर थर हा मळ नसतो, त्याचं ते वय असतं. घासलेलं नाणं जाणकार लांबूनच ओळखतो आणि भाव पाडतो. धरायचं ते कडेने.

दुसरं, यादी. साल, राजा, धातू, वजन, टांकसाळीची खूण. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला खालच्या फुलाजवळ बारीक ठिपका असेल तर तो मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. वजनासाठी दोन दशांश दाखवणारा छोटा काटा पुरतो. साडेअकरा ग्रॅमच्या बराच खाली असेल तर खूप झिजलेला किंवा बनावट. चुंबकाला चिकटला तर चांदीचा नक्कीच नाही.

तिसरं, तीन ढीग. पहिला, ज्यांची किंमत चांदीइतकीच. दुसरा, सालामुळे किंवा अवस्थेमुळे जास्त मिळू शकेल असे. तिसरा, जे काय आहे ते आपल्याला कळत नाही. पहिला ढीग सराफाकडे, त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने, वर दिलेल्या आकड्यांनी गुणून. दुसरा आणि तिसरा किमान दोन-तीन नाणे व्यापाऱ्यांना दाखवायचा. पुण्या-मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे एका दिवसात पाच जणांना विचारता येतं. खरंच मोठी वस्तू असेल तर लिलाव, पण कमिशन किती आणि पैसे कधी, हे आधी लिहून घ्यायचं. व्यापारी पुस्तकातल्या किमतीपेक्षा बराच कमी देणार, कारण त्याला ती वस्तू पुन्हा विकायची असते. ती लूट नव्हे, धंदा आहे.

वेळ असेल तर आधी बघून या. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. तिथे विक्री होत नाही, पण तुमच्याकडचं काय आहे हे डोळ्यांना कळतं.

आणि शेवटी

दादांनी यादी केली. ४१ पैकी १७ रुपये निम्म्या चांदीचे निघाले, म्हणजे सराफाने ढिगावर सांगितलेला भाव तसा वाईट नव्हता. १९ साधे राजाछाप. उरलेले पाच वेगळे ठेवले, त्यात एक १९११ चा, बऱ्यापैकी चांगला. हालीचे सिक्के एका व्यापाऱ्याने घेतले. पाच लाख वगैरे काही आलं नाही. ऑपरेशनच्या खर्चातला एक भाग निघाला, बाकीचा भावंडांनी घातला.

पण यादी करताना वही उघडली, ज्यात नोटा दडपल्या होत्या. ती आजोबांची उधारीची वही होती. हाली आणि कलदारचे दोन वेगळे रकाने, आणि शेवटच्या पानांवर एकच रकाना उरलेला. राज्य बदललं ते त्यांच्या हिशेबात असं दिसत होतं. बहिणीने सांगितलं, नाणी विका, मला वही द्या. आईने एक चारमिनार आणि एक राणीछाप देवघरात ठेवून घेतला, लक्ष्मीपूजनासाठी.

म्हणून सांगतो, विकायला हरकत नाही. ज्यांनी हे रुपये दाबून ठेवले त्यांनी अडचणीसाठीच ठेवले होते. फक्त तराजूत टाकण्याआधी प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, यादी करा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की हा डबा आला कुठून. आम्ही ते केलं नाही. आमच्याकडे आता वहीतली एक ओळ तेवढी आहे.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.